तोंडी ऑफर आणि ऑगस्टची ट्रायआउट

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या सॉफ्टबॉलवाल्या घरांमध्ये धांदल उडते. उन्हाळी स्पर्धा उरकत आलेल्या असतात, पुढचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत परिसरातला जो तो क्लब आपले संघ नव्याने बांधत असतो. एकाच शनिवारी तीन गावांत तीन ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, रविवारी आणखी दोन. मुलगी दमलेली, गाडीच्या डिकीत बॅट-हेल्मेटचा पसारा, आणि सोमवारी रात्री एखाद्या कोचचा फोन: तुमची मुलगी आम्हाला हवी आहे, उद्या दुपारपर्यंत सांगा. तुम्ही हो म्हणता, दुसऱ्या कोचला नाही कळवता. आठवड्याने पहिल्याच कोचचा दोन ओळींचा निरोप येतो की काही गोष्टी बदलल्या आहेत, सध्या जागा नाही.

हे इतक्या घरांत घडतं की त्याला अपघात म्हणता येणार नाही. मराठी घरांतल्या मुलीही आता या मैदानांवर दिसू लागल्या आहेत. त्यांच्या आईवडिलांना क्रिकेटमुळे खेळ लवकर कळतो, पण निवडीची ही रीत मात्र परकी वाटते. घरात आठ ते चौदा वर्षांची मुलगी असेल आणि ती गावच्या हौशी रेक लीगमधून, गावोगावच्या स्पर्धा खेळणाऱ्या क्लबांच्या ट्रॅव्हल बॉलकडे निघाली असेल, तर पुढचं सगळं जुलैच्या आधी वाचून ठेवा.

महाराष्ट्रात शाळेकडून खेळलेल्या पालकांच्या डोक्यात निवड म्हणजे जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाणारी वाट असते. सॉफ्टबॉलही तिथल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये आहेच. निवड चाचणी होते, यादी लागते, यादीत नाव नसेल तर निदान भांडायला एखादं कार्यालय असतं. अमेरिकेतला ट्रॅव्हल संघ हा खाजगी मामला. कुणीतरी क्लब काढतो, कोच नेमतो (बरेचदा संघातल्याच एखाद्या मुलीचा बाबा), आणि कोणाला घ्यायचं ते तो कोच ठरवतो. यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए, पीजीएफ या संघटना संघांची नोंदणी करतात, स्पर्धा भरवतात, वयोगटाचे आणि साहित्याचे नियम घालतात. कोचने दिलेला शब्द पाळला की नाही, हे पाहणं त्यांचं काम नाही. लिटल लीगसारख्या गावच्या लीगमध्ये नाव नोंदवलं की मुलीला बहुधा कुठल्या ना कुठल्या संघात जागा मिळते आणि प्रत्येकीला थोडं तरी खेळवण्याचा नियमही असतो. ट्रॅव्हलमध्ये यातलं काहीच गृहीत धरू नका.

आधी वयोगट तपासा. पूर्वी बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला मुलीचं वय किती यावर गट ठरायचा, अलीकडे बऱ्याच संघटनांनी १ सप्टेंबर ही तारीख धरली आहे. शरद ऋतूत जन्मलेल्या मुलींचा गट त्यामुळे बदलू शकतो. आपली मुलगी नेमक्या कुठल्या गटात बसते हे कोचला विचारा आणि संघटनेच्या नियमातही बघा. गट बदलला की खेळही बदलतो. दहा वर्षांखालच्या गटात चेंडूचा घेर ११ इंच आणि पिचर ३५ फुटांवर असते. बारा वर्षांखालच्या गटात चेंडू १२ इंचांचा होतो, अंतर ४० फूट. हायस्कूलपर्यंत ते ४३ फुटांवर जातं. लहान गटात पिचिंग करून सगळ्यांना बाद करणारी मुलगी पुढच्या गटात पहिल्या वर्षी अडखळते ती याचमुळे. ट्रायआउटमधलं अपयश पुष्कळदा एवढंच असतं.

आता ट्रायआउटबद्दल एक गोष्ट, जी कुणी जाहिरातीत लिहीत नाही. एका संघात साधारण अकरा ते चौदा मुली असतात आणि चांगल्या संघातल्या बहुतेक जणी परत येतात. म्हणजे ज्या ट्रायआउटला चाळीस मुली छातीवर नंबर लावून उभ्या आहेत, तिथे खरोखरच्या मोकळ्या जागा दोन किंवा तीन असू शकतात. त्यातली एखादी आधीच कुणाच्या तरी मैत्रिणीला, खाजगी सरावाला बोलावून, देऊन झालेली असते. म्हणून ट्रायआउटच्या आधी कोचला छोटा ईमेल लिहा. किती मुली परत येत आहेत, कोणत्या जागांसाठी शोध आहे, आणि आधी एखाद्या सरावाला येता येईल का, एवढेच तीन प्रश्न. सरळ कोच सरळ सांगतो: आम्हाला कॅचर हवी आहे आणि एखादी डावखुरी स्लॅपर (धावत सुटतानाच चेंडू टोलावणारी), शॉर्टस्टॉप दोन आहेत. हे कळलं की तुमचा एक अख्खा शनिवार वाचतो. "सगळ्या जागा खुल्या आहेत" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा. नव्याने उभा राहणारा संघ सोडला, तर ते क्वचितच खरं असतं.

सरावाचं आमंत्रण मिळालं तर ते ट्रायआउटपेक्षा मोलाचं समजा. ट्रायआउटमध्ये मुलीच्या वाट्याला दहा-बारा ग्राउंडर, चार फ्लाय, पंधराएक चेंडूंची बॅटिंग आणि होमपासून फर्स्टपर्यंतची ६० फुटांची घड्याळ लावलेली धाव येते. तेवढ्यात ती काय दाखवणार? दीड तासाच्या सरावात कोचला ती दिसते, आणि तिलाही कोच दिसतो.

त्याहून चांगलं म्हणजे जूनमध्ये, फार तर जुलैच्या सुरुवातीला, त्या संघाची एखादी स्पर्धा बघायला जा. शनिवारी साखळी सामने असतात, त्यात बहुतेक कोच सगळ्यांना खेळवतात. खरं चित्र रविवारी बाद फेरीत दिसतं. पाचव्या इनिंगला एका धावेने मागे असताना बाकावर कोण बसलंय? सलग दुसऱ्या सामन्यात त्याच तिघी बसल्या असतील, तर उद्या तुमची मुलगी त्या तिघींमध्येच असण्याची शक्यता जास्त. चेंडू सुटल्यावर कोच काय बोलतो ते ऐका. शॉर्टस्टॉप आणि पिचर या दोन्ही जागी कोचमंडळींच्या मुली असतील आणि त्या खरंच चांगल्या खेळत असतील तर हरकत नाही. खेळत नसतील तर अमेरिकन पालक ज्याला "डॅडी बॉल" म्हणतात तो हाच, आणि तुमच्या येण्याने तो बदलणार नाही. तिथल्या एखाद्या आईशेजारी खुर्ची टाकून अर्धा तास बसलात तर क्लबच्या वेबसाइटवर नसलेलं पुष्कळ काही कळतं.

ट्रायआउटच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वीस मिनिटं आधी पोहोचा, पाणी द्या, हेल्मेटला जाळी आहे ना बघा, आणि लांब जाऊन बसा. कुंपणाला टेकून मराठीत सूचना दिल्या म्हणजे कोचला कळत नाहीत असं समजू नका. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, आणि वर्षभर हे पालक सांभाळायचे आहेत का याचा विचार तोही करत असतो. पिचर-कॅचर मुलींना बहुधा वेगळी वेळ देतात, ती आधी विचारून घ्या.

खरी गुंतागुंत पुढे, ऑफरमध्ये.

ऑफर डळमळीत का असतात हे समजलं तर निम्मा त्रास वाचेल. कोच मुद्दाम फसवतात असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. या बाजारात सगळं पिचरपाशी अडतं. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत पाच-सहा सामने होतात, त्यामुळे संघाला दोन-तीन भरवशाच्या पिचर लागतात. एक चांगली पिचर ऐनवेळी दुसऱ्या क्लबकडे गेली की तिच्या दोन मैत्रिणी जातात, मग तिथला कोच दोन जागा भरण्यासाठी शेजारच्या संघातून ओढतो, आणि आठवडाभर सगळ्या गावांत उलथापालथ चालते. त्यात पालकही दोन-दोन ठिकाणी हो म्हणून ठेवतात. हे माहीत असल्यामुळे कोच बारा जागांसाठी चौदा ऑफर देतो. चौदाही जणी हो म्हणाल्या की दोघींना तो "सध्या जागा नाही"चा निरोप जातो. दोन्ही बाजू एकमेकांवर अविश्वास ठेवतात आणि तो खरा करून दाखवतात. कधी कोचच क्लब सोडून जातो. कधी दुसरा संघ काढू म्हणून आठ मुलींना हो म्हटलेलं असतं, नववी मिळतच नाही, आणि संघ बारगळतो.

म्हणून कोणतीही ऑफर आली की मनाशी एकच हिशोब करा: हा शब्द मोडला तर कोचचं काय जाईल? मैदानावर खांद्यावर हात ठेवून "ती आम्हाला फार आवडली" म्हणण्यात त्याचं काहीच जात नाही. कांदेपोह्यांनंतर मुलाकडचे जिन्यात "कळवतो" म्हणतात, तितकंच वजन त्याला द्या. त्याने क्लबच्या ईमेलवरून, मुलीचं नाव, संघाचं नाव, फी, उत्तराची मुदत हे सगळं लिहून पाठवलं तर थोडं काही जातं. अनामत रक्कम घेऊन पावती दिली, आणि संघ बनला नाही किंवा क्लबने जागा काढून घेतली तर पैसे परत मिळतील असं लिहून दिलं, तर बरंच जातं. तिथे तुम्ही दुसऱ्या कोचला नाही म्हणू शकता. त्याआधी नाही.

ऑफर कशाची आहे हेही नीट विचारा, कारण एकाच आनंदी फोनमागे चार वेगळे अर्थ असतात. संघातली पूर्ण जागा, की फक्त सरावाला येणारी खेळाडू? पिचर म्हणून घेत असाल तर ती बॅटिंगही करणार, की केवळ पिचिंग? त्या जागेवर आणखी कोण आहे? साखळी सामन्यांत सगळ्या मुलींना बॅटिंग मिळते का? आणि क्लबचे एकाच वयोगटात दोन-तीन संघ असतील, नॅशनल, प्रीमियर, गोल्ड अशा झगमगीत नावांचे, तर ही ऑफर नेमकी कोणत्या संघाची आणि कोणत्या कोचची? नावावर जाऊ नका. एका क्लबचा "गोल्ड" दुसऱ्या क्लबच्या तिसऱ्या संघाकडूनही हरतो. सगळ्यात पोकळ ऑफर म्हणजे "आम्ही दुसरा संघ काढतोय, कोच लवकरच ठरेल." कोच ठरला नसेल, तर जो निवड करणार आहे त्याने तुमच्या मुलीला पाहिलेलंच नाही.

मुदतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच पालक चोवीस तासांच्या मुदतीवर चिडतात. मला ती वाजवी वाटते, कारण तुम्ही अडवून ठेवलेल्या जागेसाठी मागे कुणाची तरी मुलगी फोनपाशी बसलेली असते. पण "आत्ता इथेच सांगा, नाहीतर जागा गेली" हे बरोबर नाही. दहा वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या डोळ्यांदेखत केलेला तो दबाव आहे, आणि हंगामभर तो माणूस असाच वागणार याची ती आगाऊ झलक समजा. त्याला नम्रपणे सांगता येतं: ऑफरबद्दल आभार, घरी बोलून उद्या संध्याकाळी सहापर्यंत नक्की उत्तर देतो, तोवर तपशील ईमेलने पाठवाल का? इथे दोन गोष्टी पाळा. सहा म्हणजे सहा. आणि दुसऱ्या ठिकाणच्या उत्तराची वाट पाहत असाल तर ते लपवू नका. त्या दुसऱ्या कोचलाही त्याच रात्री लिहा की आमच्याकडे उद्या सहापर्यंतची एक ऑफर आहे, तुमच्याकडे तिची जागा आहे का. ज्याला ती हवी आहे तो उत्तर देतो. ज्याचं उत्तर येत नाही, त्याचंही उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

पैशांकडे येऊ. वर्षाची फी क्लबागणिक बदलते, ती हजारो डॉलरांच्या घरात जाणं नवं नाही, आणि प्रवास-हॉटेल वेगळंच. फीमध्ये गणवेश, हिवाळ्यातला बंदिस्त जागेतला सराव, स्पर्धांची नोंदणी, कोचचा प्रवास यातलं काय येतं हे लेखी घ्या. काही स्पर्धांना "स्टे टू प्ले" असतं, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या यंत्रणेतूनच हॉटेल घ्यावं लागतं आणि ते स्वस्त पडेलच असं नाही. तशा स्पर्धा किती, ते विचारा. अनामत शक्यतो कार्डाने भरा. झेल (Zelle) या बँकांच्या सेवेवरून स्वतःहून पाठवलेले किंवा रोख दिलेले पैसे, संघच बारगळला तर, परत मिळवणं फार कठीण जातं. करारात "रिलीज"बद्दल काय लिहिलंय तेही वाचा. मध्येच संघ सोडायचा झाला तर क्लब मुलीला मोकळं करेल का, आणि उरलेली फी मागेल का, हे सहीआधी कळलेलं बरं.

नवी बॅट मात्र लगेच घेऊ नका. संघ कोणत्या संघटनेच्या स्पर्धा खेळतो त्यावर बॅटवर कोणता शिक्का हवा हे ठरतं. फक्त यूएसएसएसएचा शिक्का असलेली बॅट यूएसए सॉफ्टबॉलच्या सामन्यात चालत नाही, आणि चांगल्या बॅटची किंमत शेकडो डॉलर असते.

एक तपासणी कोणत्याही परिस्थितीत टाळायची नाही. यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट ही संस्था २०१७ पासून काम करते आणि कारवाई झालेल्या व्यक्तींची यादी तिच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येते. मुख्य कोच आणि सहायक कोच, सगळ्यांची नावं तिथे टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. क्लबने कोचची पार्श्वभूमी तपासली आहे का, आणि कोच एकेकट्या मुलीशी, पालकांना न घेता निरोपानिरोपी करतो का, हे विचारायला संकोच करू नका. या प्रश्नाने जो चिडेल, त्याच्या संघात मुलगी नको.

कॉलेजचं भूत लवकर मानगुटीवर बसतं, त्याचंही बघू. बारा वर्षांच्या मुलीच्या पालकांना सांगितलं जातं की आत्ता या क्लबात आली नाही तर पुढे स्कॉलरशिप विसरा. पण कॉलेजांच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनसीएएच्या २०१८ च्या नियमानुसार डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीचे सॉफ्टबॉल कोच मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी तिच्याशी भरतीबद्दल बोलूच शकत नाहीत. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं आणि आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. आणि जिथे देतात तिथेही सॉफ्टबॉलमध्ये ती बरेचदा अर्धवट, अनेकींत वाटून आलेली असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतं आहे (आणि क्रिकेटही), त्यामुळे क्लबांच्या जाहिरातींत ऑलिंपिकचं नावही आता वरचेवर दिसेल. सहावीतल्या मुलीसाठी संघ निवडताना यातलं काहीही मोजायचं कारण नाही.

मग मोजायचं काय? एकीकडे मोठ्या नावाचा संघ आणि त्यात बाकावरची जागा, दुसरीकडे साधा संघ आणि प्रत्येक सामन्यात मैदानावर, अशा दोन ऑफर असतील, तर बारा वर्षांखालच्या गटात मी डोळे झाकून दुसरी घेईन. त्या वयात चेंडू अंगावर येण्याची सवय चेंडू अंगावर आल्यानेच होते. पंधरा-सोळाच्या मुलीसाठी हिशोब वेगळा असू शकतो, तिला तगड्या पिचिंगसमोर उभं राहायची गरज असते आणि थोडं बसणंही परवडतं.

ऑफर मागे घेतली गेली तर दोन दिवस राग येणार. तो फेसबुकवर काढू नका. कोचांचं जग लहान आहे आणि पुढच्या वर्षी याच माणसाचा सहायक दुसऱ्या क्लबात मुख्य कोच असेल. अनामत दिली असेल तर परतीची मागणी त्याच दिवशी लेखी करा, कराराची ओळ उद्धृत करून, एकही विशेषण न वापरता. मग तुम्ही नाही म्हटलेल्या कोचला फोन करा. त्याला नाही कसं म्हटलं होतं, हे इथे कामी येतं. वेळेवर आणि आभार मानून कळवलं असेल, तर त्याची जागा भरलेली असली तरी कुठे जागा आहे हे तो सांगतो.

हंगाम सुरू झाल्यावरही जागा निघतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की कुणाला व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही झेपत नाही, कुणाचं घर बदलतं, कुणाचा गुडघा दुखावतो. शरदातल्या स्पर्धांना बऱ्याच संघांना एखाद-दुसरी पाहुणी खेळाडू लागते. तुमची मुलगी मोकळी आहे, कोणत्या दोन जागांवर खेळते आणि कोणत्या शनिवार-रविवारी येऊ शकते, असा छोटा निरोप पाच-सहा कोचना पाठवून ठेवा. पाहुणी म्हणून दोन दिवस खेळणं ही कोचसाठी सगळ्यात खरी ट्रायआउट असते, आणि तुमच्यासाठीही. काहीच जमलं नाही तर शरदात रेक लीग आणि आठवड्याला एक खाजगी धडा, यात कमीपणा नाही.

मुलीला यातलं किती सांगायचं? दहाच्या आत असेल तर लेखी ऑफर येईपर्यंत नाव घेऊ नका, नाहीतर ती शाळेत सांगून मोकळी होते आणि मग ते मागे घ्यावं लागतं. बारा-तेराच्या मुलीपासून लपत नाही, तिच्या मैत्रिणींचा ग्रुप तुमच्या आधी सगळं जाणतो. तिला बसवून दोन्ही ऑफर समोर ठेवा, कोच कसा वाटला ते विचारा, आणि तिचं म्हणणं ऐकताना मध्ये बोलू नका. ठरलं की ज्या संघाला नाही म्हणायचं त्याचा ईमेल तिलाच लिहायला लावा, तुमच्या नजरेखाली, त्याच रात्री. तीन वाक्यं पुरतात: आभार, मी दुसऱ्या संघात खेळणार आहे, पुढच्या हंगामासाठी शुभेच्छा.